कणगी गिरणीत ठेवल्यावर

आमच्या लहानपणी दळण टाकून येणं हे घरातल्या धाकट्याचं काम असे. डब्यावर खडूने आकडा घातलेला, आत काठोकाठ गहू, आणि निघताना आईची ठरलेली सूचना: ‘आधी कुणाचं काय दळलंय ते बघ, मगच टाक.’ गिरणीचा दगड सगळ्यांना एकच. आपल्या आधी कुणाची हरभऱ्याची डाळ दळली गेली असेल तर पहिल्या दोन मुठींत बेसन यायचंच. उपासाची भाजणी असेल तर भल्या सकाळी, गिरणी नुकतीच झाडलेली असताना पहिला नंबर लावायचा. गिरणीवाला त्याचे दोन पैसे जास्त घ्यायचा आणि कुणी कुरकुर करत नसे.

‘क्लाउड म्हणजे काय हो?’ असं कुणी विचारलं की मी ढगाकडे न जाता या गिरणीकडे जातो. त्याआधी घरोघर जातं होतं. ते विकत घ्यायचं, झिजलं की टाकी लावून घ्यायची आणि रोज पहाटे कुणाचे तरी हात त्याला जुंपायचे. गिरणी आली आणि जातं लग्नातल्या हळदीपुरतं उरलं. कंपन्यांच्या संगणकाचं अगदी असंच झालं. नव्वदच्या दशकात प्रत्येक बऱ्या कार्यालयात एक थंडगार खोली असे. दाराबाहेर चपला काढायच्या, आत यंत्रं घोंघावत असायची, आणि किल्ली एकाच माणसाकडे. तो रजेवर गेला की कार्यालयही रजेवर. आज ती खोली बहुतेक ठिकाणी मीटिंग रूम झाली आहे. यंत्रं ऐरोलीत, महापेत, रबाळ्यात कुणाच्या तरी इमारतीत आहेत आणि आपण तासावर भाडं भरतो. समुद्राखालच्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, म्हणून देशातल्या डेटा सेंटरांचा फार मोठा भाग मुंबई आणि नवी मुंबईत आहे. ढग असा ठाणे-बेलापूर रस्त्यावर उतरलेला आहे आणि त्याच्या मागच्या अंगणात डिझेलचे जनरेटर उभे आहेत.

या धंद्याचं आजचं रूप २००६ सालचं. मार्चमध्ये अ‍ॅमेझॉनने साठवणीची जागा भाड्याने देणं सुरू केलं आणि ऑगस्टमध्ये ‘ईसी-टू’ या नावाने प्रत्यक्ष संगणक. त्याचं बरंचसं काम दक्षिण आफ्रिकेत, केपटाउनमधल्या एका छोट्या चमूने केलं होतं. दर होता तासाला दहा सेंट, म्हणजे तेव्हाचे साडेचार-पावणेपाच रुपये. नाताळच्या खरेदीसाठी घेतलेली यंत्रं वर्षभर पडून राहत, ती अ‍ॅमेझॉनने भाड्याने काढली, अशी एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांची सकाळी फोडणीची पोळी, तशी. गोष्ट झकास आहे, पण खरी नाही. कंपनीचे तंत्रप्रमुख वर्नर व्होगेल्स यांनीच ती खोडून काढलेली आहे. आणि सरळ विचार केला तरी ती टिकत नाही. पुढचा नाताळ आला की भाडेकरूंना काय सांगणार होते, जागा खाली करा?

गिरणी कुणाला लागते? ज्याचं दळण एकसारखं नसतं त्याला. दहावीच्या निकालाचा दिवस घ्या. दुपारी एक वाजता लाखो घरांतून एकाच पानावर बोटं पडतात. तासाभरात गर्दी ओसरते आणि मग वर्षभर त्या पानाकडे कुणी फिरकत नाही. त्या एका तासासाठी शंभर यंत्रं विकत घेणं म्हणजे गावजेवणासाठी लागणारी पातेली कायमची घरात आणून ठेवणं. पूर्वी एवढी यंत्रं घेणं परवडत नसे, म्हणून निकालाच्या दिवशी पान उघडतच नसे. आता तासाभरापुरती शंभर यंत्रं घ्यायची आणि दोन वाजता परत करायची. मुंबईतल्या एखाद्या नवख्या तरुणीला आपली कल्पना चालते का हे बघायला पूर्वी काही लाख रुपये आधी गुंतवावे लागत. आता महिन्याला हजार-दोन हजारांत बघता येतं. कल्पना फसली तर यंत्रं भंगारात विकत बसायला नको. भांडवलाचा हा उंबरठा खाली आला ही मोठी गोष्ट आहे, आणि पुढे मी जी तक्रार करणार आहे ती हे मान्य करूनच.

नेटफ्लिक्सचं उदाहरण तंत्रज्ञांच्या गप्पांत नेहमी निघतं. २००८च्या ऑगस्टमध्ये त्यांचा मुख्य डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. जातं आपलंच होतं, पण फुटलं. त्यानंतर त्यांनी सगळा कारभार अ‍ॅमेझॉनच्या यंत्रांवर हलवायला घेतला आणि ते काम जानेवारी २०१६मध्ये पुरं झालं. सात वर्षं! भाड्याच्या घरात जायला सात वर्षं लागली, तर ते सोडायला किती लागतील, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही.

तसं पाहिलं तर संगणक भाड्याने घेण्यात नवीन काही नाही. १९६१ साली एमआयटीच्या शताब्दी समारंभात जॉन मकार्थी यांनी सांगितलं होतं की टेलिफोनसारखी गणनाही उद्या एक सार्वजनिक सेवा होऊ शकेल. आपल्याकडे मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४मध्ये ‘सीडीसी ३६००’ हा अवाढव्य संगणक आला. तो फक्त संस्थेसाठी नव्हता. देशभरातल्या इतर संशोधकांनाही त्यावर वेळ मिळे. छिद्रं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन जायचं, पाळी येईपर्यंत थांबायचं, उत्तर छापलेले लांबलचक कागद घेऊन परत यायचं. कार्डाचा क्रम चुकला तर पुन्हा रांगेत. त्रास होताच. पण एक गोष्ट लक्षात घ्या: गठ्ठा आपला, कागद आपले, दोन्ही घरी येत. यंत्राचा फक्त वेळ भाड्याने होता. गहू घेऊन जा, पीठ घेऊन या.

आजच्या क्लाउडमध्ये नेमकं हेच बदललं आणि माझ्या मते सगळी गोची तिथे आहे. आपण दळण टाकायला गेलो आणि हळूहळू धान्याची कणगीच गिरणीत नेऊन ठेवली. साहजिकच होतं ते. रोज पाठीवर पोतं कोण वाहील? धान्य तिथेच असलं की दळणही झटपट. ग्राहकांची नावं, दहा वर्षांची बिलं, रुग्णांचे अहवाल, पगाराचे तक्ते, सगळं तिकडे गेलं. त्या दिवसापासून आपण गिरणीचे गिऱ्हाईक राहिलो नाही. गिरणीवाला आवडला नाही तर गिऱ्हाईक डबा उचलून पलीकडच्या गल्लीत जातं. कणगी उचलून कुणी जात नाही.

गिरणीवाल्यालाही हे पक्कं ठाऊक आहे. त्याच्या दरपत्रकावरूनच ते दिसतं. सर्वांत मोठ्या कंपनीच्या मुंबईतल्या जाहीर दरांनुसार डेटा आत आणायला काहीच पैसे नाहीत. तो ठेवायला जीबीमागे महिन्याला सुमारे अडीच सेंट. आणि इंटरनेटवरून बाहेर न्यायला, महिन्याची छोटी मोफत मर्यादा संपली की, जीबीमागे सुमारे अकरा सेंट. म्हणजे आपलंच धान्य एकदा घरी नेण्याचा खर्च, ते चार महिने तिथे ठेवण्याच्या भाड्याहून जास्त. वाहतुकीला खर्च येतो, हे खरं. पण क्लाउडफ्लेअरसारखी कंपनी २०२२पासून बाहेर नेण्याचं शुल्क अजिबात न घेता साठवण विकते आहे, तेव्हा एवढा आकार केवळ तारांच्या खर्चाचा नाही हे उघड आहे. त्यात मापाची भानगड वेगळीच. मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे खास डेटाबेस असतात, सोयीचे, वेगवान, आणि फक्त त्यांच्याकडेच चालणारे. धान्य ज्या पायलीने मोजून ठेवलं ती पायली दुसऱ्या गिरणीत कुणी ओळखत नाही. शुल्क एकदाचं भरता येतं. पायली बदलायची तर सगळं धान्य पुन्हा मोजावं लागतं.

माझ्या ओळखीचे एक संपादक आहेत, पुण्याचे, सत्तरी ओलांडलेले. चाळीसेक वर्षं दिवाळी अंक काढतात. जुन्या अंकांना वाळवी लागायला लागली तेव्हा त्यांच्या भाच्याने सगळे अंक स्कॅन करून क्लाउडवर चढवले. महिन्याला काही शे रुपये, कार्डातून आपोआप जायचे. संपादक खूश. ‘आता वाळवीची भीती नाही,’ असं त्यांनी मला दोनदा तरी ऐकवलं असेल. पुढे ऑक्टोबर २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला की खातेदाराने नव्याने संमती नोंदवल्याशिवाय कार्डावरून दरमहा आपोआप पैसे वळते करता येणार नाहीत. नियम चांगलाच होता. पण परदेशी कंपन्यांची हजारो बिलं त्या महिन्यात अडकली, त्यांत यांचंही. स्मरणपत्रं आली, नाही असं नाही. ती भाच्याच्या कॉलेजातल्या ईमेलवर जात होती, आणि भाचा तोवर नोकरीसाठी जर्मनीला गेला होता. खातं आधी गोठलं, मग बंद झालं. चार महिन्यांनी एक जुनी कथा हवी म्हणून शोधायला गेले तेव्हा कणगी रिकामी. कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण करारात लिहिल्याप्रमाणेच ती वागली होती. तक्रार करायला फोन नंबर नव्हता. एक खिडकी होती आणि तिच्यात एक यंत्र अतिशय नम्रपणे तेच तेच उत्तर देत होतं.

संपादक मला म्हणाले, ‘अहो, माझ्या भाडेकरूने सहा महिने भाडं थकवलं तरी त्याचं सामान मला रस्त्यावर काढता येत नाही. आणि इथे?’

हा प्रश्न मी बरेच दिवस मनात घोळवला. त्यांनी रागाने विचारला होता, पण त्यात फार मोठा मुद्दा आहे. आपण म्हणतो की क्लाउड ‘भाड्याने’ घेतला. कायद्याच्या भाषेत मात्र आपण भाडेकरू नाहीच. महाराष्ट्रात शहरात राहिलेल्या प्रत्येकाला अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार माहीत असतो. भाडेपट्ट्यात जागेतला काही हक्क भाडेकरूकडे येतो. लायसन्समध्ये फक्त तिथे असण्याची परवानगी मिळते. हा फरक १८८२च्या कायद्यांपासूनचा आहे आणि मुंबईत त्यावर लाखो खटले झाले असतील. क्लाउडचे करार वाचले, म्हणजे तळाशी ‘मान्य आहे’वर टिचकी मारण्याआधी खरंच वाचले, तर ते या दुसऱ्या प्रकारचे दिसतात, आणि त्याहूनही सैल. अकरा महिन्यांचीसुद्धा हमी नसते. धोका वाटला तर सेवा तत्काळ थांबवण्याचा अधिकार मालकाकडे. सेवा बंद पडली तर भरपाई म्हणून पुढच्या बिलात थोडी सूट. मोठ्या कंपन्यांच्या ठरावीक करारांत एकूण जबाबदारीची कमाल मर्यादा साधारण मागच्या बारा महिन्यांत तुम्ही भरलेल्या पैशांएवढी असते. त्या संपादकांच्या बाबतीत ती पाच-सहा हजार रुपये झाली असती. चाळीस वर्षांच्या अंकांची किंमत.

आता आपला भाडे कायदा बघा. १९४७च्या मुंबईच्या कायद्याने आणि त्याच्या जागी आलेल्या १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने काही गोष्टी ठामपणे सांगितल्या. भाड्याची पावती द्यायची. घर खाली करून घ्यायला कारण दाखवायचं, आणि तेही न्यायालयापुढे. आणि मला सर्वांत आवडणारं कलम: भांडण काहीही असो, मालकाने पाणी, वीज, जिन्यातले दिवे यांसारख्या आवश्यक सोयी तोडायच्या नाहीत. चाळीतल्या मालक-भाडेकरूंच्या भांडणांतून हे शहाणपण आलेलं आहे. पाणी तोडलं की न्यायालयाची वाट कोण बघणार? माणूस दोन दिवसांत शरण येतो.

जुलै २०२५मध्ये नेमकं हेच झालं, आणि तेही कुणा लहान संपादकाच्या बाबतीत नव्हे. नायरा एनर्जी ही मुंबईत मुख्यालय असलेली कंपनी. गुजरातेत वाडीनारला तिचा वर्षाला दोन कोटी टन तेल शुद्ध करणारा कारखाना आहे आणि देशभर हजारो पेट्रोल पंप आहेत. रशियाच्या रॉसनेफ्टचा तिच्यात एकोणपन्नास टक्क्यांचा वाटा असल्याने युरोपीय संघाने १८ जुलैला तिच्यावर निर्बंध घातले. त्यानंतर काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. ईमेल बंद, कर्मचाऱ्यांचं आपसातलं बोलणं बंद. भारत सरकारने असे निर्बंध मान्य केलेले नव्हते. पैसे भरलेले होते. ज्या देशात कंपनी नोंदलेली आहे तिथला एकही कायदा मोडला नव्हता. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि जुलै संपता संपता सेवा पूर्ववत झाल्या. म्हणजे निवाडा व्हायची वेळच आली नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. मालकाने पाणी तोडलं, बोभाटा झाला, नळ पुन्हा सोडला. पण नळ तोडण्याचा अधिकार त्याला आहे की नाही, याचं उत्तर तसंच लटकत राहिलं. एवढ्या मोठ्या कंपनीला वकील उभे करता आले. सांगलीच्या एखाद्या पतसंस्थेने काय करायचं?

शेजारचंच आणखी एक उदाहरण विजेचं. मकार्थींनी सार्वजनिक सेवेची उपमा दिली होती. उद्योगातले लोकही ‘नळ सोडावा तशी गणना’ असं कौतुकाने म्हणतात. ठीक आहे, मग ती उपमा शेवटपर्यंत नेऊ. २००३च्या वीज कायद्याच्या ५६व्या कलमानुसार बिल थकलं तरी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. दर वाढवायचे तर कंपनीला वीज नियामक आयोगापुढे जावं लागतं, सुनावणीला कुणीही ग्राहक हजर राहून हरकत घेऊ शकतो, आणि आपल्याकडचे ग्राहक ती घेतातही, चांगली मोठ्या आवाजात. सार्वजनिक सेवेचं नाव घ्यायचं आणि तिची बंधनं मात्र नकोत, हे कसं चालेल?

इथे एक वळण सांभाळून घ्यायला हवं, कारण भाडे कायद्याची दुसरी बाजूही मुंबईनेच बघितली आहे. १९४७च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला खिळवून टाकली. हेतू चांगला होता. युद्धानंतरच्या टंचाईत गरिबाला छप्पर हवं होतं. पण पन्नास वर्षं तेच भाडं राहिलं आणि मालकाने डागडुजी सोडली. भिंतीतून पिंपळ उगवले, गॅलऱ्या टेकूंवर आल्या, भाडेकरूंनी पागडी घेऊन खोल्या फिरवल्या, आणि १९६९मध्ये पडक्या इमारतींची दुरुस्ती करायला सरकारला वेगळं मंडळच काढावं लागलं. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे गोठवणं अवाजवी ठरवलं. तेव्हा क्लाउडचे दर सरकारने बांधून द्यावेत असं मी म्हणणार नाही. दर बांधले तर कुणी नवी यंत्रं घेणार नाही आणि आपण जुन्या गंजक्या यंत्रांचे कायमचे भाडेकरू होऊ, जिन्याला टेकू लावून बसलेले.

‘क्लाउड आपल्याच देशातल्या कंपनीचा हवा’ म्हणणाऱ्या स्वदेशीवाल्यांनाही मी निम्माच होकार देईन. त्यांच्या बाजूने एक आठवण आहे आणि ती पुण्याची आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने महासंगणक देताना हात आखडता घेतला, तेव्हा १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. नळ दुसऱ्याच्या हातात असण्याची किंमत त्या पिढीला कळली होती. सरकारी खात्यांसाठी २०१४मध्ये ‘मेघराज’ नावाचा सरकारी क्लाउड सुरू झाला, त्यामागेही थोडा तोच विचार होता. (नाव ठेवणारा अधिकारी नक्की कालिदासप्रेमी असणार.) पण मालक मराठी बोलणारा असला म्हणून तो मालक राहत नाही असं थोडंच आहे? गिरगावातल्या चाळींचे कित्येक मालक आपल्यातलेच होते. नळ त्यांनीही तोडले. पनवेलच्या भारतीय डेटा सेंटरमध्ये कणगी ठेवली आणि करारात तीच कलमं असली, तर संपादकांचे अंक तिथेही जाणारच.

‘मग आपलं घर, आपली यंत्रं’ हा तिसरा सूर. काहींना तो परवडतो. बेसकॅम्प चालवणाऱ्या ३७सिग्नल्स या अमेरिकी कंपनीचं २०२२चं क्लाउड बिल सुमारे ३२ लाख डॉलर होतं. त्यांनी सुमारे सात लाख डॉलरचे सर्व्हर विकत घेतले आणि बहुतेक कारभार घरी आणला. ड्रॉपबॉक्सने त्याआधीच हे केलं होतं आणि दोन वर्षांत साडेसात कोटी डॉलरच्या आसपास वाचवले. पण या दोघांचं दळण रोजचं, ठरावीक, प्रचंड आहे. लंगर चालवणाऱ्याने स्वतःची चक्की घ्यावीच. आणि घरच्या घरी ठेवलं म्हणजे जपलं, हा भ्रम तर दक्षिण कोरियाने मोडलाच. २६ सप्टेंबर २०२५ला देजोन शहरात सरकारच्या स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या आणि कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठवणीतला ८५८ टेराबाइट डेटा गेला, कारण त्याची दुसरी प्रतच नव्हती. एवढ्या मोठ्या साठ्याची प्रत ठेवणं अवघड, म्हणून ठेवली नव्हती. याउलट २०२४च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचा खासगी क्लाउड गुगल क्लाउडकडून चुकून पुसला गेला. सहा लाखांहून अधिक सभासद, आठवडाभर अंधारात. तरी पैसे आणि नोंदी वाचल्या, कारण त्यांनी एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवली होती. स्वतःच्या घरात राहणारा बुडाला आणि भाड्याच्या घरातला वाचला.

म्हणून मी मालकीच्या वादात पडत नाही. मला भांडायचं आहे ते दाराबद्दल. आत येण्याचं दार सताड उघडं आहे, बाहेर जाण्याचं तसंच असायला हवं. आणि ते अशक्य नाही हे युरोपने दाखवलं आहे. युरोपीय संघाचा ‘डेटा कायदा’ १२ सप्टेंबर २०२५पासून लागू झाला. त्यात ग्राहकाने ‘मी चाललो’ म्हटल्यावर जास्तीत जास्त दोन महिन्यांची सूचना, मग साधारण महिनाभरात सामान हलवण्याची सोय, आणि जानेवारी २०२७पासून स्थलांतराचं शुल्क पूर्ण बंद. हा कायदा दारात येऊन उभा राहिला तशी २०२४च्या सुरुवातीला आधी गुगलने आणि मग अ‍ॅमेझॉनने जाहीर केलं की कायमचं सोडून जाणाऱ्याकडून बाहेर नेण्याचे पैसे घेणार नाही. इतकी वर्षं जे ‘तांत्रिक खर्च’ म्हणून सांगितलं जात होतं ते एका फटक्यात माफ होऊ शकलं! पण माफीसाठी अर्ज करायचा होता, आणि जायचं तर कायमचं. थोडं धान्य इकडे, थोडं तिकडे ठेवणाऱ्या शहाण्या माणसाला ही सूट नव्हती.

आपल्याकडे काय आहे? २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या देवघेवीचा डेटा भारतातच ठेवायला लावला आणि त्या वर्षापासून नवी मुंबईत डेटा सेंटरांच्या इमारती भराभर उठल्या. बँकांनी क्लाउड घेताना काय काळजी घ्यावी याचेही नियम २०२३मध्ये आले. डेटा कुठे ठेवायचा याची चिंता आपण पुष्कळ केली. तो परत कसा मिळेल याची फार थोडी. खरं तर वीज कायद्यातलं ५६वं कलम आणि भाडे कायद्यातलं पाणी न तोडण्याचं कलम, एवढी दोन उचलून क्लाउडच्या करारांना लावली तरी पुष्कळ होईल. पंधरा दिवसांची नोटीस, आणि तीही खातेदाराच्या फोनपर्यंत पोहोचलेली. भांडण चालू असताना नवं दळण बंद करा हवं तर, पण कणगीला हात लावायचा नाही. मुदत संपली तर धान्य कुठल्याही गिरणीत चालेल अशा मापात मोजून द्यायचं. आणि भारतातल्या ग्राहकाचं भांडण भारतातल्या न्यायालयात. यात दर बांधणं नाही, परदेशी कंपनीला हाकलणं नाही.

उद्योगातले मित्र म्हणतात की अशाने लहान कंपन्यांवर बोजा पडेल, फुकट्यांचा डेटा किती दिवस सांभाळायचा? प्रश्न रास्त आहे. पंधरा दिवस सांभाळा. विजेची कंपनी सांभाळतेच ना?

गंमत अशी की सरकार स्वतः गिरणी चालवायला उतरतं तेव्हा मूळ धडा त्याला बरोबर आठवतो. मार्च २०२४मध्ये मंजूर झालेल्या, दहा हजार कोटींहून अधिक खर्चाच्या ‘इंडिया एआय मिशन’मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारे महागडे जीपीयू संशोधकांना आणि नव्या कंपन्यांना तासाच्या हिशोबाने, तासाला शंभर रुपयांहून कमी दराने मिळावेत अशी योजना आहे. हे खरं दळण आहे. तासाचे पैसे द्या, काम करून घ्या, डबा उचला. कुलाब्यातल्या त्या कार्डांच्या गठ्ठ्यासारखं. एखाद्या विद्यार्थिनीने नांदेडहून रात्रभर यंत्र चालवावं आणि सकाळी निकाल आपल्या लॅपटॉपवर घेऊन मोकळं व्हावं, याला माझा शंभर टक्के पाठिंबा. त्या योजनेच्या करारात बाहेर नेण्याच्या दाराबद्दल काय लिहिलंय, एवढं कुणी तरी एकदा वाचावं.

संपादकांचे अंक निम्म्याहून अधिक परत मिळाले. क्लाउडवरून नव्हे, वाचकांकडून. त्यांनी अंकातच आवाहन छापलं आणि सोलापूरच्या, बेळगावच्या, बडोद्याच्या लोकांनी माळ्यावरचे गठ्ठे पाठवले. काहींना वाळवी लागलेली होती. पुन्हा स्कॅन झाले, पुन्हा क्लाउडवर चढले, कारण परदेशातल्या वाचकांना तिथूनच वाचता येतात आणि संपादकांना त्याचा अभिमान आहे. या वेळी खातं त्यांच्या स्वतःच्या फोनवर आहे. शिवाय दोन हार्ड डिस्क घेतल्या. एक सदाशिव पेठेतल्या कपाटात, दुसरी मिरजेला बहिणीकडे, देवघराखालच्या खणात. दर वर्षी भाऊबीजेला ओवाळून झालं की बहीण तबकाशेजारी डिस्क आणून ठेवते, ते पिशवीतून नव्या अंकाची फाइल काढतात, आणि प्रत होईपर्यंत कुणाला वायर हलवू देत नाहीत.